प्लँटिनची पत्रं: कीर्द शेजारी ठेवूनच वाचावीत

अँटवर्पचा मुद्रक-प्रकाशक ख्रिस्तोफ प्लँटिन याचा पत्रव्यवहार ९ खंडांत छापलेला आहे. माक्स रोसेस यांनी १८८३ मध्ये हाती घेतलेलं काम यान देन्युसे यांनी १९१८ मध्ये तडीस नेलं, आणि राहिलेल्या पत्रांची पुरवणी १९५५ मध्ये निघाली. सोळाव्या शतकातला छापखाना आतून पाहायचा तर इतकं चांगलं साधन क्वचितच मिळतं. पण नुसते खंडच वाचले तर फसगत ठरलेली.

प्लँटिनने पाठवलेल्या पत्रांचे इथे बहुतेक खर्डे आहेत. रवाना झालेली प्रत घेणाऱ्याकडे गेली. तेव्हा खर्ड्यातला शब्दन् शब्द पोचला असं धरू नये. दुसरी अडचण पैशांची. १५७१ पासून स्पेनला प्रार्थनाग्रंथांचा मोठा माल जाऊ लागला, आणि स्पेनचा राजा फिलिप दुसरा याचा सचिव गाब्रिएल दे सायास याला लिहिलेल्या पत्रांत थकलेल्या रकमांचं गाऱ्हाणं सारखं येतं. गाऱ्हाणं खोटं नाही, पण ती वसुलीची पत्रं आहेत. त्यांतून धंद्याचा ताळेबंद काढू नये. खरे आकडे कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार नोंदींची वही) यांत आहेत, आणि त्या वह्याही पत्रांबरोबर छापखान्याच्या दप्तरात टिकल्या आहेत हेच त्या दप्तराचं मोठेपण.

पद्धत सोपी आहे. पत्राची तारीख आणि व्यापाऱ्याचं नाव टिपा, त्या सुमाराची कीर्द काढा, मग खतावणीत त्याचं खातं पाहा. हिशेब फ्लोरिनमध्ये, २० स्टायव्हरचा एक फ्लोरिन. फ्रेंच पत्रांत स्टायव्हरलाच ‘पातार’ म्हणतात; ते वेगळं नाणं समजून बेरीज केली की सगळं बिघडतं. १५६३ ते १५६७ च्या भागीदारीचे हिशेब दुहेरी नोंदीचे असल्याने पडताळायला सोपे आहेत.

तारखांना विशेष जपा. अँटवर्प ज्या प्रांतात होतं त्या ब्राबांतमध्ये जुन्या रिवाजाने वर्ष ईस्टरला बदलत असे, त्यामुळे १५७६ पूर्वीच्या जानेवारी ते एप्रिलच्या पत्रांवरचं साल तपासल्याशिवाय घेऊ नये. शिवाय नवं ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झाल्याने १५८२ मध्ये तिथे १४ डिसेंबरनंतर थेट २५ डिसेंबर उजाडला.

मालाबद्दलची पत्रं सर्वांत वाचनीय. पुस्तकं बहुधा बांधणी न करता, सुट्या तावांच्या रूपात पिंपांत भरून जात. एक ताव कमी पडला की ती प्रत अपुरी, म्हणून तेवढाच ताव मागवावा लागे. विक्रेत्यांची अशी पत्रं तावांच्या खुणांची अक्षरं (क्रम कळावा म्हणून प्रत्येक तावावर छापलेली) समोर ठेवून वाचली, तर नेमका कुठला ताव हरवला ते कळतं.

उणिवाही आहेत. मजकूर लॅटिन, फ्रेंच, स्पॅनिश अशा मूळ भाषांत आहे, आणि जुनी फ्रेंच वर्णलेखनपद्धती सवय होईपर्यंत छळते. खंड प्लँटिनच्या मृत्यूपाशी, १५८९ ला थांबतात. पुढची, छापखाना चालवणाऱ्या त्याच्या जावयाच्या मोरेतुस घराण्याची पत्रं हवी असतील तर १८७७ मध्ये उघडलेल्या प्लँटिन-मोरेतुस संग्रहालयातली मूळ कागदपत्रंच पाहावी लागतात; तिथे देन्युसे यांच्या १९२६ च्या सूचीतला क्रमांक आधी काढून ठेवा. २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेलं ते हेच व्यापारी दप्तर.

पहिल्या खंडापासून क्रमाने जायची गरज नाही. १५६८ ते १५७३ ची, बहुभाषी बायबलच्या छपाईच्या काळातली पत्रं आधी घ्या. कागद, छपाईचे खिळे, कर्ज आणि राजदरबार तिथे एकाच पानावर भेटतात.