ऑल-इन-वन वॉशर-ड्रायरच्या हीट पंपाची सर्व्हिसिंग : प्रतापनगरच्या एका दुरुस्ती केंद्राचे काम

धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये उरकणारे मशीन घेताना विक्रेता वीजबचतीबद्दल भरभरून बोलतो. हीट पंपाची, म्हणजे त्यातल्या कपडे वाळवणाऱ्या यंत्रणेची, सर्व्हिसिंग कोण करणार, हा विषय मात्र तो काढत नाही आणि आपणही विचारत नाही. नागपूरच्या मनीषनगरमधल्या आमच्या घरी असे मशीन आल्याला दोन पावसाळे होऊन गेले. तिसऱ्या पावसाळ्यात त्याने कपडे वाळवण्याला इतका वेळ लावायला सुरुवात केली की सकाळी लावलेले टॉवेल दुपारीही कोमट आणि ओलसरच निघू लागले. अखेर प्रतापनगर भागातल्या एका स्वतंत्र दुरुस्ती केंद्राकडून हीट पंप उघडून साफ करून घेतला. हे परीक्षण त्या कामाचे आहे. काम चांगले झाले, पण काही बाबतींत ते आणखी चांगले व्हायला हवे होते.

या केंद्राकडे जाण्याआधी अर्थातच आम्ही मशीनच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली होती. कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञाने मशीनचे झाकण न उघडता, कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून नळ्यांतून फिरवणाऱ्या पंपाचा, आवाज ऐकून आणि स्क्रीनवरचा उरलेला वेळ पाहून हीट पंपातला गॅस कमी झाल्याचे निदान केले. गॅस भरावा लागेल, तेवढ्याने भागले नाही तर हीट पंपाचा संपूर्ण संच बदलावा लागेल, असे सांगून त्याने दिलेले अंदाजपत्रक एका साध्या नव्या वॉशिंग मशीनच्या किमतीच्या जवळपास जाणारे होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ‘गॅस कमी झाला’ हे निदान कोणा एका कंपनीचे वैशिष्ट्य नाही. एसी आणि फ्रिजच्या कामावर हात बसलेला जवळजवळ प्रत्येक कारागीर प्रथम तेच सांगतो.

ते निदान घाईचे का ठरते, हे समजण्यासाठी हीट पंपाचे काम थोडक्यात सांगणे भाग आहे. ड्रममधली दमट हवा पंख्याने ओढली जाऊन आधी थंड कॉइलवर, म्हणजे इव्हॅपोरेटरवर येते. तिथे तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली ठिबकते आणि ड्रेन पंपावाटे बाहेर जाते. मग तीच कोरडी झालेली हवा गरम कॉइलवरून, म्हणजे कंडेन्सरवरून जाते आणि तापून पुन्हा ड्रममध्ये शिरते. हवा बाहेर सोडली जात नाही, त्यामुळे उष्णताही वाया जात नाही, आणि साध्या हीटरच्या ड्रायरच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास विजेत काम भागते. या दोन कॉइल, कॉम्प्रेसर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या कारखान्यातच झाळून कायमच्या बंद केलेल्या असतात. त्यातला गॅस पेट्रोलप्रमाणे वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे असाच त्याचा अर्थ होतो, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तेच बिल भरणे.

घोळ असा आहे की हवेचा मार्ग तुंबला तरी लक्षणे गॅस कमी झाल्यासारखीच दिसतात. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर इव्हॅपोरेटर गरजेपेक्षा जास्त थंड होऊन त्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागतो. दुसरीकडे कंडेन्सरची उष्णता वाहून नेली जात नाही, म्हणून कॉम्प्रेसर तापतो, मध्येच थांबतो आणि वाळवण्याचा वेळ वाढत जातो. त्यामुळे आधी साफसफाई करायची आणि गॅसचा विचार त्यानंतरच करायचा, हाच क्रम बरोबर आहे. प्रतापनगरच्या कारागिराने नेमका तोच क्रम धरला. झाकण उघडण्याआधी त्याने एवढेच म्हटले, “ताई, ग्यासचं मंग पाहू, पयले हे उघडू द्या.”

आमच्या मशीनमध्ये हीट पंप ड्रमच्या वरच्या बाजूस आहे, त्यामुळे मशीन आडवे करावे लागले नाही, आणि हे बरेच झाले. कारण कॉम्प्रेसर असलेले यंत्र आडवे केले तर त्यातले तेल पुन्हा खाली बसेपर्यंत काही तास ते सुरू करता येत नाही. प्लग काढून, वरचे पत्र्याचे झाकण आणि त्याखालचे हवेच्या मार्गाचे प्लास्टिकचे आवरण उघडल्यावर इव्हॅपोरेटरचा दर्शनी भाग दिसला, किंबहुना दिसला नाही असेच म्हणायला हवे. ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांऐवजी समोर करड्या रंगाचा जाड नमदा होता. हे लिंट, म्हणजे कपड्यांवरून निघणारे तंतू, फिल्टर दर वेळी साफ करूनही अतिबारीक रूपात जाळीतून पलीकडे जातात, ओल्या कॉइलला चिकटतात, आणि त्यांच्यावर पुढचा थर बसत जातो. नवे टॉवेल आणि सुती चादरी यात सर्वांत पुढे. कारागिराने चिमट्याने त्या नमद्याचा कोपरा उचलला तेव्हा तळहाताएवढा तुकडा अखंड निघून आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला कॉइलच्या पात्यांच्या उभ्या रेघा छापखान्यातून उमटल्याइतक्या स्पष्ट होत्या.

पुढचे काम संथ होते आणि ते संथच व्हायला हवे. सर्किट आणि वायरींच्या जोडांवर प्लास्टिक अंथरून त्याने आधी कोरडा लिंट व्हॅक्यूमने ओढला, मग मऊ ब्रश फक्त पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवला. आडवा ब्रश फिरवला की पाती वाकतात आणि हवेचा मार्ग कायमचा अरुंद होतो. उरलेला गाळ सौम्य साबणाच्या कोमट पाण्याची फवारणी करून खाली ड्रेनमध्ये उतरवला. एसीच्या कॉइलसाठी बाजारात मिळणारे आम्लयुक्त क्लीनर त्याने वापरले नाहीत, आणि मी विचारल्यावर ॲल्युमिनियम खराब होते हे कारणही सांगितले. कॉइलच्या खालच्या ओळींवर थोडा पांढरा थर होता. आमच्याकडे महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरवेलचेही पाणी टाकीत येते, आणि हे मशीन कॉइल स्वतः धुण्यासाठी नळाचेच पाणी वापरते, त्याचा तो क्षार होता. हवा ओढणाऱ्या पंख्याची पातीही लिंटने भरलेली होती. ती साफ केल्यावर पंख्याची घरघर थांबली. ड्रममधल्या ओलावा मोजणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्यांवर फॅब्रिक सॉफ्टनरचा चिकट थर बसला होता, तोही त्याने पुसून काढला. हे काम त्याच्या यादीत नव्हते, तरी त्याने ते केले.

गॅसची तपासणी त्याने यानंतर केली आणि त्यासाठी नळी कापली नाही. मशीन वाळवण्याच्या फेरीवर लावून त्याने क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारख्या धरायच्या मीटरने, कॉम्प्रेसरचा करंट पाहिला आणि इव्हॅपोरेटरच्या वरच्या व खालच्या ओळींचे तापमान घेतले. कॉइल सगळीकडे सारखी गार होती. गॅस कमी असता तर सुरुवातीच्या ओळी गोठल्या असत्या आणि शेवटच्या कोमट राहिल्या असत्या. मला सर्वांत पटलेली चाचणी मात्र मीटरशिवाय झाली. त्याने ड्रेनचा पाइप बादलीत सोडायला सांगितला. वाळलेल्या टॉवेल-चादरींचे वजन साडेतीन किलो होते, धुऊन पिळून निघाल्यावर ते ५.४ किलो भरले, म्हणजे १.९ लिटर पाणी निघायला हवे होते. फेरी संपली तेव्हा बादलीत पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी जमा झाले होते. कपड्यांतले पाणी कॉइलवर सुटते आहे याचा यापेक्षा साधा पुरावा कोणता असू शकेल? एवढ्याच कपड्यांना आधी चार तासांहून जास्त वेळ आणि दोन युनिटांपेक्षा अधिक वीज लागत होती, तरी ते ओलसर निघत होते. आता सव्वादोन तास आणि साधारण १.१ युनिट लागते.

खर्च २,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण २,८३२ रुपये. पाहणीचे वेगळे शुल्क बिलात वळते करून घेतले. कामाच्या मानाने ही रक्कम मला रास्त वाटते. खटकले ते वेगळेच. दर आधी लेखी मिळाला नाही. फोनवर सांगितलेला आकडा आणि बिलाचा आकडा यांत जो फरक पडला तो जीएसटीचा होता, पण ते आधीच सांगता आले असते. सकाळची दिलेली वेळ दुपारवर गेली आणि तसे कळवण्याचे सौजन्य दाखवले गेले नाही. त्याहून गंभीर बाब अशी की हवेच्या मार्गाच्या आवरणाखालची फोमची पट्टी काढताना एका ठिकाणी फाटली, आणि नवी पट्टी जवळ नसल्यामुळे तिथे ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून काम भागवले. तिथून दमट हवा बाहेर झिरपली तर ती वरच्या पत्र्याखाली, म्हणजे सर्किटच्या शेजारी साचेल. पट्टी मागवून बसवून देण्याचे आश्वासन मिळाले आहे, आणि मी ते बिलावर लिहून घेतले आहे.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे मशीन बहुधा मागच्या गॅलरीत ठेवतात, आणि ती गॅलरी पश्चिमेला असेल तर मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना, कॉम्प्रेसरवर आधीच ताण असतो. त्यात कॉइल तुंबलेली असेल तर ओव्हरलोड होऊन तो वारंवार बंद पडणार. तसे पाहता मे महिन्यात दोरीवरचे कपडे तासाभरात कडक होतात आणि ड्रायर लावण्याचे कारणच उरत नाही. खरा उपयोग जून ते सप्टेंबर या काळात, म्हणून सर्व्हिसिंग मृग लागण्याआधी उरकलेली बरी. पावसाळा सुरू झाल्यावर हे कारागीर एसी आणि फ्रिजच्या कामांत कमी, वॉशिंग मशीनच्या कामांत जास्त अडकलेले असतात आणि लवकरची वेळ मिळत नाही.

कॉइल, पंखा आणि हवेचा मार्ग यांच्या सफाईसाठी मी या केंद्राची शिफारस निःसंकोच करते. गळती निघाली आणि गॅसचे बंद सर्किट उघडायची वेळ आली तर मात्र हे काम मी त्यांच्याकडे देणार नाही, आणि ते स्वतःही घेत नाहीत. अशा अनेक मशीनमध्ये आर-२९० हा गॅस असतो, म्हणजे प्रोपेन. त्याचे प्रमाण दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असले तरी तो ज्वलनशील आहे, आणि झाळकामाची ज्योत घरात, गॅलरीत पेटवणे धोक्याचे आहे. त्याची भरणी ग्रॅममध्ये वजन करून, आधी व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करूनच करावी लागते. मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि ज्वालेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण पाहून ठेवावा, आणि कोणी सिलिंडर घेऊन थेट गॅलरीत गॅस भरायला आला तर काम सुरू होण्याआधी ती पट्टी त्याला दाखवावी.