थायलंडचा बिझनेस व्हिसा: एजंटने घरपोच आणून दिलेला शिक्का

बँकॉकच्या फाहुरातमध्ये कापडाचा धंदा असो, नाहीतर पट्टाया-फुकेतला भारतीय जेवणाचं हॉटेल, तिथे फसवणुकीची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते. “नियम बदललेत, आता पूर्वीसारखं जमत नाही. पासपोर्ट माझ्याकडे द्या, मी आतून करून आणतो.” यातला पहिला भाग खरा असतो, म्हणून दुसऱ्या भागावर विश्वास बसतो.

नियम खरोखरच भराभर बदलले. 15 जुलै 2024 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहता येऊ लागलं. 1 जानेवारी 2025 पासून भारतातून थायलंडचा व्हिसा ऑनलाइन झाला आणि पासपोर्टवर स्टिकर लावणं बंद झालं. 1 मे 2025 पासून विमानतळावर उतरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. हे कार्ड फुकट आहे, तरीही त्याचे पैसे घेणाऱ्या बनावट वेबसाइट निघाल्या. ऑनलाइन व्हिसा आल्यानंतरही कोणी ‘मुंबईच्या वकिलातीतून स्टिकर मारून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

मोठं नुकसान होतं ते 60 दिवसांच्या सवलतीत. “या, धंदा सुरू करा, व्हिसा इथेच बदलून घेऊ,” असं एजंट सांगतो. व्हिसा तिथे बदलता येतो, हे खरं आहे. व्हिसाशिवाय आलेल्याला टीएम 87 हा अर्ज भरून, 2,000 बाट भरून नॉन-बी, म्हणजे बिझनेस व्हिसा, मागता येतो. पण मुक्कामाचे किमान 15 दिवस शिल्लक असावे लागतात, कंपनीची सगळी कागदपत्रं तयार असावी लागतात आणि अर्जदाराला स्वतः जावं लागतं. एजंट ‘कागद तयार होतायत’ म्हणत पन्नासावा दिवस उजाडू देतो. मग माणूस घाबरतो आणि सांगेल ती रक्कम देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिसा हातात आला म्हणून काम करायची परवानगी मिळत नाही. मीटिंग करणं वेगळं आणि गल्ल्यावर बसणं वेगळं. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड होतो, देशाबाहेर काढलं जातं आणि पुढची दोन वर्षं परमिट मिळत नाही. दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला माल विकणं, टूर गाइडचं काम, केस कापणं ही कामं तर तुमच्यासारख्या परदेशी धंदेवाल्यांना बंदच आहेत. त्यासाठी परमिट काढून देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतो.

आता खरा रस्ता कसा असतो ते नीट समजून घ्या, म्हणजे खोटा चटकन ओळखू येईल. तुम्ही भारतात असतानाच थायलंडमधली कंपनी तिथल्या रोजगार खात्याकडे तुमच्यासाठी अर्ज करते. त्याचं पत्र जोडून तुम्ही नॉन-बीचा ऑनलाइन अर्ज करता. प्रवेश केल्यावर 90 दिवस मिळतात आणि तेवढ्यात वर्क परमिट काढायचं असतं. एका परदेशी माणसामागे साधारणपणे 20 लाख बाट भरणा झालेलं भांडवल लागतं. मुक्काम वर्षभर वाढवायचा असेल तर त्याच हिशोबाने चार थाई कर्मचारी लागतात आणि भारतीयाचा पगार महिन्याला किमान 35,000 बाट दाखवून त्यावर कर भरावा लागतो. मुदतवाढीसाठी टीएम 7 अर्ज आणि 1,900 बाट. बहुतेकदा आधी ‘विचाराधीन’ असा शिक्का बसतो, पुन्हा जायची तारीख मिळते आणि मग वर्षाचा शिक्का बसतो. बँकॉकमध्ये हे काम छेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात होतं.

या प्रक्रियेत तुम्हाला खुर्चीवर बसावं लागतं, अधिकाऱ्यासमोर सह्या कराव्या लागतात. म्हणून ‘तुम्ही यायची गरज नाही’ हे ऐकलं की तिथेच थांबा. एजंट पासपोर्ट घेऊन जातो, कुठल्यातरी लांबच्या प्रांतातल्या कार्यालयाचा शिक्का मारून आणतो आणि म्हणतो, “तिकडे ओळख आहे.” शिक्का हुबेहूब असतो. मुदतीची तारीख, सही, अर्ज क्रमांक, शेजारी री-एंट्री परमिट (बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना) आणि दर 90 दिवसांनी पत्ता कळवण्याच्या नोंदणीची सूचना, सगळं जागच्या जागी. नसते ती फक्त इमिग्रेशनच्या संगणकातली नोंद. सोबत 1,900 बाटची गरुडचिन्हाची सरकारी पावतीही नसते. एजंट स्वतःच्या लेटरहेडवर एकच ठोक रक्कम लिहून देतो, तीही मागितली तर.

खोटेपणा उघडा पडतो तो 90 दिवसांच्या नोंदणीला किंवा विमानतळावर. या नोंदणीचा अर्ज म्हणजे टीएम 47, आणि पहिल्या वेळी तो सहसा स्वतः जाऊन द्यायचा असतो, म्हणून ‘तीही आम्हीच करू’ म्हणणाऱ्या एजंटला तुम्ही खिडकीपाशी जायलाच नको असता. पकडलं गेल्यावर एजंटचा फोन बंद. पासपोर्ट तुमच्या नावाचा, त्यामुळे खोटा शिक्का वापरल्याचा गुन्हाही तुमच्यावर आणि मुदत संपल्यावर राहिल्याचा ठपकाही तुमच्यावर. दंड दिवसाला 500 बाट, जास्तीत जास्त 20,000. पण दंडापेक्षा बंदी जड जाते. मुदतीनंतर राहताना पकडलं गेलं आणि वर्षाच्या आतलं प्रकरण असलं, तर पाच वर्षं थायलंडला येता येत नाही, वर्षाच्या वर असलं तर दहा. उभा केलेला धंदा पाच वर्षं कोण सांभाळणार?

शिक्का खरा पण पाया खोटा, असंही होतं आणि ते ओळखायला जास्त अवघड जातं. चार थाई कर्मचाऱ्यांची नावं सामाजिक सुरक्षा खात्यात चढवलेली असतात, पण ती माणसं दुकानात कधी पाऊलही ठेवत नाहीत. अधिकारी पाहणीला येतो, तेव्हा सांगायला कोणी नसतं आणि वाढवलेली मुदत रद्द होते. भागीदारीतही तेच. परकीय व्यवसाय कायदा 1999 चा आहे. त्यात मोडणाऱ्या धंद्यांत परदेशी वाटा 49 टक्क्यांपर्यंतच चालतो. उरलेले 51 टक्के एजंट आपल्या ड्रायव्हरच्या किंवा कारकुनाच्या नावावर टाकतो. असा नामधारी भागीदार ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक ते दहा लाख बाट दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तेही दोघांना. शिवाय उद्या भांडण झालं तर बहुमत त्या ड्रायव्हरकडे.

पैसे देण्याआधी कंपनीचा 13 आकडी नोंदणी क्रमांक मागा आणि थाई वाणिज्य मंत्रालयाच्या व्यवसाय विकास खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. भांडवल, संचालक, ताळेबंद, कंपनी चालू आहे की बंद, सगळं दिसतं. थाई कागदांवरचं साल बौद्ध असतं, त्यातून 543 वजा करा. 2568 म्हणजे 2025. भागधारकांची यादी वेगळी मागवा, कारण कंपनीच्या प्रमाणपत्रात ती नसते. मागच्या तीन महिन्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या पावत्या पाहा आणि त्या चार माणसांना प्रत्यक्ष भेटा.

वर्षाचा शिक्का मिळाल्यावर भारतात यायचं असेल तर आधी री-एंट्री परमिट काढा. एका वेळेचं 1,000 बाट, अनेक वेळांचं 3,800. ते न काढता बाहेर पडलात तर खरी मुदतवाढही संपते आणि एजंट तोच सगळा खर्च पुन्हा लावतो.

शिक्क्याबद्दल शंका आली तर विमानतळावर जाऊन नशीब आजमावू नका. इमिग्रेशनच्या 1178 क्रमांकावर चौकशी करा, थाई वकील गाठा, बँकॉकच्या भारतीय दूतावासाला कळवा आणि एजंटशी झालेलं चॅट, बँकेच्या नोंदी, पासपोर्ट कोणत्या तारखेला दिला-घेतला याची नोंद जपून ठेवा. स्वतःहून हजर झालेल्यावर मुदत 90 दिवसांपेक्षा कमी ओलांडलेली असेल तर बंदी लागत नाही. 90 दिवस उलटले की किमान एक वर्षाची लागते.