डेंट माझा, क्लेम माझ्याच नावावर, पैसे डीलरचे

आषाढात खंबाटकी घाट उतरताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि माझ्या तीन महिन्यांच्या गाडीचं बॉनेट, बंपर आणि एक हेडलाइट गेलं. गॅरेजचा अंदाज ६१,४०० रुपये. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला, फोटो काढले, "आठ दिवसांत होईल काका" म्हणाला. नवव्या दिवशी मेल आली : दावा नामंजूर. कारण, तुम्ही पॉलिसी घेताना नो क्लेम बोनस चुकीचा सांगितला. तुमच्या जुन्या गाडीवर एक क्लेम नोंदलेला आहे.

मला हसूच आलं. सात वर्षांत मी आरशाचासुद्धा क्लेम घातला नव्हता. शेजारच्या पोराच्या चेंडूने मागची काच फुटली तेव्हाही बोनस जाईल म्हणून पदरचे पैसे भरले होते. घरी यावरून बोलणीही खाल्ली होती.

हा बोनस म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. एक वर्ष क्लेम नाही, तर पुढच्या वर्षी २० टक्के सवलत. मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ती फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर नाही. मुख्य म्हणजे हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीला लावायचं. पत्र तीन वर्षं चालतं. पण एक क्लेम पडला की सगळी शिडी उतरून पुन्हा शून्यावर.

आता जुनी गाडी. पाडव्याला नवी घरी आणायची म्हणून आदल्या आठवड्यात ती एका डीलरला दिली. माणूस गोड. मागच्या दाराला एक जुना डेंट होता, त्याचे १५,००० कापले. मी फार घासाघीस केली नाही. मग म्हणाला, "काका, पॉलिसी राहू द्या गाडीवर, गिऱ्हाइकाला दाखवायला बरी पडते. बोनसच्या पत्राची घाई कशाला? ते तीन वर्षं चालतं." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून तर आधीचं मी गिळलं. आधार, पॅन, लायसन्स, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि किल्ली दिली. निदान डिलिव्हरी नोट तारीख-वेळेसह लिहून घेतली. ती सौ.च्या आग्रहामुळे, माझ्या हुशारीमुळे नव्हे.

शोरूममध्ये विम्याच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, जुन्या गाडीवर क्लेम होता का? नाही म्हटलं. "मग इथे सही करा, पत्र नंतर आणून द्या." ओन डॅमेजचा प्रीमियम २४,००० वरून १२,००० वर आला. १८ टक्के जीएसटी धरून १४,१६० वाचले. त्या खुशीत पत्र राहिलंच.

चार-पाच दिवसांनी डीलरचा फोन. मी मंडईत, दोन्ही हातांत पिशव्या, चष्मा खिशात. "काका, आरटीओचं ट्रान्सफर टाकलंय, ओटीपी आलाय, सांगा ना." भाजीवाल्या मावशींच्या पोराने मोबाइल हातात घेऊन आकडे वाचले, मी तसेच पुढे सांगितले. तो मेसेज मी जुलैमध्ये पहिल्यांदा नीट वाचला. त्यात आरटीओचा शब्दही नव्हता. विमा कंपनीचं नाव होतं आणि क्लेमचा नंबर.

जुन्या कंपनीच्या कार्यालयात दोन चकरा मारल्यावर कागद दिसले. मागच्या दाराला अपघात, चालक म्हणून माझं लायसन्स, गॅरेजला कॅशलेस २८,००० रुपये. म्हणजे ज्या डेंटपायी माझे १५,००० कापले, तोच डेंट माझ्याच विम्यातून दुरुस्त करून घेतला, आणि माझा बोनस त्यात जळाला. अपघाताची म्हणून दाखवलेली तारीख डिलिव्हरी नोटच्या नंतरची. त्या दिवशी मी मिरजेला इस्पितळात भाचीजवळ बसलो होतो.

कायदा काय सांगतो तेही तेव्हा वाचलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं आणि त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात घेतल्याची सूचना त्याने आरटीओला दिली की त्यालाच मालक मानतात. माझ्या डीलरकडे हे अधिकारपत्र नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

नव्या कंपनीचंही चुकलंच आहे. इंडिया मोटर टॅरिफ ही गाड्यांच्या विम्याची नियमावली, तिच्या जीआर २७ या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या नुसत्या सहीवर बोनस दिला, तर २१ दिवसांत आधीच्या कंपनीला लिहून खात्री करायची असते. यांनी विचारलं ते माझा क्लेम आल्यावर, तीन महिन्यांनी. आणि मी सही केली त्या दिवशी तर जुन्या गाडीवर क्लेम नव्हताच.

गेल्या महिन्यात मेव्हण्याने गाडी विकली तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. आधी डीलरचं अधिकारपत्र मागितलं. डिलिव्हरी नोट झाल्याबरोबर तिथेच बसून विमा कंपनीला मेल केली : गाडी आज अमुक वाजता विकली, यापुढे माझ्या नावावर क्लेम घेऊ नका, बोनसचं पत्र द्या. झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहिलं, "फक्त आरसी ट्रान्सफरसाठी", खाली तारीख. डीलरचं तोंड जरा वाकडं झालं. होऊ दे.

पोलिसांत अर्ज दिलाय. तिथे पहिला प्रश्न आला, "ओटीपी कोणी दिला?" दोन्ही कंपन्यांच्या तक्रार विभागांना लिहून महिना उलटला, उत्तर नाही, म्हणून पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलोय. तिथे फी लागत नाही. अर्जाला डिलिव्हरी नोट, मिरजेच्या इस्पितळाची त्या दिवशीची पावती आणि ओटीपीच्या मेसेजचा फोटो जोडलाय. मोबाइल भरला म्हणून मध्यंतरी सगळे जुने मेसेज पुसायला निघालो होतो, तेवढं राहून गेलं ते बरं झालं.