पायमशीनचं स्टँड नेणारा पेटीवाला फिरतोय

अमळनेर, पारोळा, चोपडा भागात ज्यांच्या घरी जुनी पायमशीन (पायाने चालवायचं शिलाई मशीन) आहे त्यांनी हे वाचा, आणि दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आई-मावशीच्या कानावर आधी घाला. एक माणूस छोटा हत्ती टेम्पो घेऊन गल्लीबोळांत फिरतो. जुन्या मशीनसाठी सागवानी पेटी करून देतो म्हणतो. पेटी हे निमित्त आहे, त्याचा डोळा स्टँडवर असतो.

आमच्या आईकडे आजीची सिंगर होती. बिडाचे नक्षीदार पाय, जाळीदार पायडल, वर फळी, दोन्ही बाजूंना ड्रॉवर. हा आला, अहिराणीत बोलला, त्यामुळे आईला लगेच आपला वाटला. चहा झाला, मशीनची तारीफ झाली. मग त्याने फळीखाली हात घालून दोन-तीनदा ठोकलं आणि तळवा आईपुढे धरला. तळव्यावर बारीक पिवळसर भुकटी. "माय, वाळवी लागेल शे. आख्खा घरमा पसरी जाई."

म्हणजे वाळवी लागली आहे, घरभर पसरेल. झालं, आई घाबरली. दारं-खिडक्या सगळी लाकडी. त्याने तोडगाही लगेच सुचवला: स्टँड आणि फळी तो घेऊन जाणार, मशीनचं हेड (वरचा शिवणाचा भाग) झाकणपेटीत बसवून देणार, वर साडेतीन हजार रोख. मग मशीन चालवायची कशी? तर पुढच्या आठवड्यात मोटर बसवून देतो. पावतीचा विषय त्याने हसण्यावारी नेला. ऑनलाइन पैसे नको म्हणाला.

मी जळगावहून गेले तेव्हा पेटी येऊन पडली होती. गल्लीतल्या सुतारकाकांना भुकटीचं सांगितलं तर ते म्हणाले, आपल्याकडची नेहमीची वाळवी कधी अशी कोरडी भुकटी पाडते का? ती मातीचे बोगदे करत येते. भुकटी पडते ती लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची, आणि मग लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतातच. आई दर दिवाळीला ती फळी पुसून पॉलिश करायची. एक भोक नव्हतं तिला. भुकटी तो मुठीतच घेऊन आला होता.

आता पेटीबद्दल. सागवान कसलं, एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवलेला कागद. आतला गाळा छोट्या मशीनच्या मापाचा होता, तो करवतीने कसाबसा वाढवलेला. मशीनच्या बेडच्या (हेडच्या सपाट बुडाच्या) मागच्या कडेला दोन भोकं असतात. बिजागऱ्यांच्या पिना त्यांत जातात आणि खालून स्क्रूने आवळतात, म्हणून तर तेल घालायला मशीन मागे कलंडवता येते. इथे बिजागऱ्याच नव्हत्या, नुसत्या पाचरी. आईने सवयीप्रमाणे पुढून उचलली असती तर बारा-तेरा किलोचं हेड पायावर आलं असतं. आत सगळीकडे फोम डकवलेला. पहिल्या पावसातच एमडीएफ फुगलं, फोमने ओल धरली आणि सुईखालच्या पट्टीवर गंज चढला. त्याआधी त्याने हेड "चकाचक" करून दिलं होतं, ते थिनरने. जुन्या सिंगरच्या सोनेरी नक्षीवर लाखेचं पातळ आवरण असतं, थिनर-स्पिरिट लागलं की ते विरघळतं आणि नक्षीही पुसत जाते. आता एका बाजूला नुसता काळा डाग आहे.

शेजारच्या काकूंचं मत पडलं की तो लाल पाऱ्यासाठी, म्हणजे अफवांमधल्या त्या महागड्या काल्पनिक पदार्थासाठी, आला असेल. 2009 मध्ये सौदी अरेबियात ही अफवा उठली होती, सिंगरच्या सुईजवळ मोबाईल नेला आणि लाइन कट झाली की आत लाल पारा! लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले. पण ह्याला पारा हवा असता तर हेड नेलं असतं. त्याने नेमकं हेड सोडून बाकीचं नेलं. बिडाच्या पायांवर काच टाकली की कॅफेवाले टेबल म्हणून उचलतात, हा सगळा धंदा तेवढ्यासाठी.

मामेभावाला ऑनलाइन एक जाहिरात दिसली: "अँटिक सेंटर टेबल", चौदा हजार. फोटोत ड्रॉवर उघडा आहे, आणि आतल्या लाकडावर आईच्या अक्षरात पेन्सिलने ब्लाउजची मापं. छाती 34, बाही 9. आम्ही त्या नंबरवर फोन केला तर जाहिरात देणाऱ्याने "मी तिसऱ्याकडून घेतलं" सांगून ठेवून दिला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, त्या फोटोसकट. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही बोलले, पण पावती नाही, दुकान नाही, नाव खरं की खोटं तेही ठाऊक नाही.

जागाच नसेल आणि हेड वेगळं ठेवायचंच असेल, तर पेटीवाला लागत नाही. आधी बेडवर उजव्या बाजूला कोरलेला नंबर लिहून ठेवा, फोटो काढा, म्हणजे हेड बदललं तर कळेल. खालचे दोन स्क्रू सैल करून हेड पिनांवरून उचला, दोघांनी. सपाट टेबलावर ते नीट बसत नाही, कारण खालचे दांडे बाहेर आलेले असतात. ओळखीच्या सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या. मोठ्या सिंगरचा बेड साधारण साडेचौदा बाय सात इंच असतो, तरी आपली मोजूनच द्या. मशीनचंच तेल घाला, खोबरेल नको, ते घट्ट होऊन सगळं जाम करतं. वरून जुनं सुती लुगडं. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको.

आणि स्टँड विकू नका. पाय नट-बोल्टवर सुटे होतात, भिंतीला टेकवून पलंगामागे मावतात. फक्त आपटू नका, बीड तडकतं.

तो माणूस चाळिशीतला, गळ्यात उपरणं, टेम्पो पांढरा, मागे ताडपत्री. हल्ली शिरपूरकडे दिसल्याचं एका मावशींनी सांगितलं, त्यांच्याकडेही त्याने भुकटीच दाखवली. कोणाकडे आला तर टेम्पोचा नंबर टिपून ठेवा, आमच्या अर्जाला जोडता येईल.