बेळगावात घेतलेला क्लॅम्प मीटर : पावसाळाभराच्या वापरानंतर

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात पावसाळ्यात सरपण कोरडे राहत नाही, त्यामुळे आंघोळीचे पाणी विजेच्या रॉडवर तापवावे लागते. यंदा त्याला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला, तेव्हा रॉड बिघडला की वीजच कमी दाबाने येते हे पाहण्यासाठी मी बेळगावच्या खडेबाजारातून जबड्यात तार धरून तिच्यातील प्रवाह मोजणारा एक साधा डिजिटल क्लॅम्प मीटर आणला. जबड्यात दोन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र नाहीसे करतात आणि आकडा शून्य येतो, ही गोष्ट दुकानदारांनी मला मराठीत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये सारख्याच आस्थेने समजावली. मीटरसोबतचे पत्रक केवळ इंग्रजीत आहे, हा मी खरा दोष मानतो.

वायरमनकडून एक जोडवायर करून घेतली. तिच्यातील फेजची तार वेष्टन शाबूत ठेवून वेगळी काढलेली आहे, म्हणजे जबडा तिच्याभोवती बसतो. रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असे छापले आहे. त्यावरून प्रवाह सुमारे ६.५ अँपिअर आणि रोध सुमारे ३५.३ ओहम निघतो. मीटरने दाब २१२ व्होल्ट आणि प्रवाह ६.० अँपिअर दाखवला. भागाकार केला तर रोध तोच, ३५.३ ओहम, आणि गुणाकार केला तर शक्ती १२७२ वॅट! म्हणजे रॉड धडधाकट आहे, दाबच उतरलेला आहे. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला, बाहेर जाणारी उष्णता सोडून, अठ्ठावीस मिनिटे पुरायला हवीत; ती तेहतीस होतात. प्लग काढून रॉडचा रोध थेट मोजला, तेव्हा ३५.० ओहम आला. प्रोब (मीटरच्या मोजणीच्या तारांची टोके) एकमेकांना टेकवल्यावर दिसणारे ०.३ वजा केले की ३४.७ उरतात. या किमतीच्या मीटरकडून एवढा मेळ मला समाधान देणारा वाटला. वीज चालू असताना ओहमवर मोजू नये, हे मात्र कधीही विसरू नये.

जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने सुमारे ८८० ओहम यायला हवा, पण मीटर ६५च्या आसपास दाखवतो. ही मीटरची चूक नव्हे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तारेच्या मानाने फारच कमी असतो.

लहान प्रवाहाच्या बाबतीत मात्र मीटर तोकडा पडतो. दाखवणारा शेवटचा अंक दशांशाचा असल्यामुळे अर्ध्या अँपिअरच्या खालचे वाचन भरवशाचे नसते. तारेचे दहा वेढे जबड्यातून घेऊन आकड्याला दहाने भागले की पंख्यापुरते काम भागते. एलईडी दिव्यांसाठी तोही उपाय अपुरा आहे, कारण त्यांचा प्रवाह साइन लाटेच्या आकाराचा नसतो आणि या मीटरमध्ये ट्रू आरएमएस, म्हणजे कोणत्याही आकाराच्या लाटेचे खरे परिणामी मूल्य, मोजण्याची सोय नाही.

विहिरीवरच्या मोटारीसाठी हा मीटर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंगल फेज मोटारीवर २२० व्होल्ट आणि ७ अँपिअर आले तर गुणाकार १५४० होतो, परंतु ते वॅट नसून व्होल्ट-अँपिअर असतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष वॅटमध्ये उतरणारा हिस्सा, ०.८ असेल तर प्रत्यक्ष शक्ती सुमारे १२३० वॅटच भरते. पॉवर फॅक्टर हा मीटर दाखवत नाही. मोटार जास्त प्रवाह ओढते का, एवढे पाहायला तो पुरेसा आहे. युनिटचा हिशेब करायचा असेल तर वॅट दाखवणारा मीटरच घ्यावा.