मसुदालेखन कशातून शिकवावे : जर्नल, वकिलाचे ऑफिस की मूट कोर्ट?

विधी महाविद्यालयात ‘ड्राफ्टिंग, प्लीडिंग अँड कन्व्हेयन्सिंग’ हा विषय ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांना जर्नल (सरावाची वही), वकिलाच्या ऑफिसातील इंटर्नशिप आणि मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) या तिन्हींपैकी कशावर भर द्यायचा हे ठरवावेच लागते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्लीडिंगचे (न्यायालयात दाखल करायच्या लेखी कथनांचे) १५ आणि दस्तलेखनाचे १५ सराव प्रत्येकी ३ गुणांना असतात व १० गुण तोंडी परीक्षेला. त्यामुळे दाव्यापासून मृत्युपत्रापर्यंतचे बहुतेक नमुने विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात, ही जर्नलची जमेची बाजू. मात्र तीन गुणांसाठी डोके कोण शिणवणार? मागच्या वर्षीचे जर्नल समोर ठेवून ते उतरवले जाते.

इंटर्नशिपमध्ये पक्षकार समोर बसतो आणि त्याच्या पाल्हाळातून दाव्यापुरता मजकूर वेचावा लागतो. शिवाय १९९८ पासून महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याने, इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मनाई हुकूम, चतुःसीमा (मिळकतीच्या चारही बाजूंच्या हद्दी) यांची खरी ओळख तिथेच होते. पण जुन्या फाइलमधली नावे बदलण्याची सवयही तिथलीच. ‘कलम ३ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे वाक्य दाव्यातील प्रत्येक कलमाला, म्हणजे परिच्छेदाला, उत्तर म्हणून चिकटवले जाते. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ प्रमाणे प्रत्येक कथन नेमकेपणाने नाकारावे लागते, नाहीतर ते कबूल धरले जाऊ शकते. सीनियर असा मसुदा खोडतात. का खोडला, हे सांगायला त्यांना सवड नसते.

मूटसाठी लिहायचे मेमोरियल (लेखी निवेदन) युक्तिवाद आणि निवाड्यांचा शोध उत्तम शिकवते, परंतु त्यातील वस्तुस्थिती आयती मिळते.

माझ्या मते भर जर्नलवरच द्यावा, फक्त प्लीडिंगचे बरेचसे सराव एकाच वादातून काढावेत. शेतरस्त्याचा वाद घेतला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे जायचे की दिवाणी न्यायालयात, हा प्रश्न पहिल्याच तासाला निघतो. मग नोटीस, दावा, तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज, प्रतिज्ञापत्र असे क्रमाने लिहून घ्यावे आणि एकाच्या दाव्याला दुसऱ्याने कैफियत द्यावी. ‘प्रतिवादीने वेळोवेळी अडथळा केला’ असे मोघम लिहिणाऱ्याला, दाव्यास कारण (ज्यामुळे दावा करावा लागला ती घटना) नेमके कधी घडले, हे मग वर्गमित्रच विचारतो. वर्ग साठ जणांचा असेल, तर दावा आणि कैफियत एवढेच दोनदा तपासावे. बाकीचे एकदा तपासले तरी चालते.