कोल्ड ॲग्लुटिनिन आणि हृदयशस्त्रक्रिया: ऊब राखायची की प्लाझ्मा बदलायचा?

कोल्ड ॲग्लुटिनिनच्या आजारात गारवा लागला की आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात. आणि शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या बायपास मशीनवर रक्त अनेकदा मुद्दाम थंड करतात. हृदय थांबवणारं द्रावणही बहुधा ४ अंशांचं!

पहिला मार्ग साधा: शरीर ३६-३७ अंशांवर ठेवायचं, कार्डिओप्लेजियाही (हृदय थांबवणारं ते द्रावण) कोमट रक्तातून. व्हॉल्व्ह किंवा नेहमीच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी माझा कौल यालाच. मात्र उबदार हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून डोस वारंवार.

महाधमनीच्या कमानीचं काम असेल, रक्ताभिसरण थांबवून खोल गारवा हवा असेल, तर आधी प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा काढून बदलणं. आयजीएम मुख्यतः रक्तवाहिन्यांतच असल्याने चांगलं उतरतं, पण थोड्याच दिवसांपुरतं. कितव्या अंशाला पेशी चिकटतात ही चाचणी दोन्हीकडे आधी हवी. नुसत्या टायटरवर (प्रतिपिंडांच्या प्रमाणावर) भागत नाही.